तिशीची वाट पाहू नका

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,


आशाताई आमच्या वस्तीवर येतात तेव्हा तिशी ओलांडलेल्यांचा सीबॅक, म्हणजे आजारांचा धोका तपासण्याचा, फॉर्म भरतात. कंबर मोजतात, तंबाखूचं विचारतात, बीपी-शुगर तपासून घ्यायला सांगतात. काम मोलाचं आहे. पण त्याच घरात एखादी एकोणीस-वीस वर्षांची मुलगी असते, चार-चार महिने तिला पाळी आलेली नसते, आणि वय बसत नाही म्हणून तिला कुणी काही विचारत नाही. मी अशीच एक मुलगी होते.

‘लग्न होऊ दे, सगळं सुरळीत होईल’ हे मी घरी ऐकलं, दवाखान्यातही ऐकलं. जणू मला झालेला पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) म्हणजे मूल होण्यातली अडचण, दुसरं काही नाही! या आजारात बहुतेकींच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव नीट पडत नाही, म्हणून ते जास्त तयार होतं. त्यामुळे अंडाशयात पुरुषी संप्रेरकं वाढतात, पाळी लांबते, हनुवटीवर राठ केस येतात. मधुमेहाचा धोका तरुणपणापासूनच वाढतो. पाळी वर्षानुवर्षं अशी लांबत राहिली, तर गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचाही.

माझी मान काळी पडली होती. आई न्हाणीत बसवून लिंबाची फोड आणि वजरी घेऊन ती घासायची. कातडी सोलवटून निघायची, काळेपणा जागच्या जागी. तो मळ नव्हताच, वाढलेल्या इन्सुलिनची खूण होती. ती ओळखायला मशीन लागत नाही. शाळेत तपासणीला येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक नुसत्या नजरेने ती टिपू शकतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या १० ते १३ टक्के स्त्रियांना पीसीओएस असतो, आणि त्यांतल्या ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांचं निदानच होत नाही. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार निदान होताच साखर तपासायची, पुढे दर १ ते ३ वर्षांनी. वय काहीही असो, वजन काहीही असो. किशोरवयात सोनोग्राफीवरून निदान करू नये, असंही त्या सांगतात. माझ्या हातात मात्र पहिली चिठ्ठी पडली ती सोनोग्राफीचीच, आणि तिच्यासोबत ‘आधी वजन कमी कर’ एवढाच सल्ला. सडपातळ मुलींनाही हा आजार होतो. त्यांच्याकडे तर कुणाचं लक्षच जात नाही.

माझी मागणी नव्या इमारतीची नाही. पाळी अनियमित असेल, तर साखरेच्या तपासणीसाठी तिशीची अट काढून टाका. आशाताईंच्या प्रश्नांत ‘मागची पाळी कधी आली?’ हा एक प्रश्न घाला. आणि ग्रामीण रुग्णालयांतल्या किशोरवयीनांसाठीच्या मैत्री क्लिनिकमध्ये आठवड्याचा एक वार या मुलींसाठी ठरवून द्या. स्त्रीरोगतज्ज्ञ, रक्ततपासणी आणि समुपदेशक त्याच दिवशी तिथेच मिळू देत. केसांमुळे, वजनामुळे मनाने खचलेली मुलगी एका कागदासाठी तीन दारं फिरत नाही, ती घरी बसते. उपचार वर्षानुवर्षं चालतात, म्हणून पुढची तारीख तिला तिथेच मिळायला हवी, आणि ‘लग्न झालंय का?’ हा तिला विचारलेला पहिला प्रश्न नसावा.

आपली,
पीसीओएससह जगणारी एक नागरिक