आधी भिंग, मग औषध

कुंडीतल्या मिरचीची पाने आखडली किंवा त्यांना भोके पडली, की घरात लगेच विचारले जाते, "कोणते औषध मारायचे?" माझ्या मते हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा : हे काम कोणाचे?

विद्यार्थी मित्रांनो, याचे उत्तर शोधायला साधे भिंग पुरते. पाने वरच्या बाजूला वळून होडीसारखी झाली असतील, तर बहुधा फुलकिडे असतात. पाने खाली वळून देठ लांबले असतील, तर कोळी. जाळे विणणाऱ्या कोळ्याचा हा अगदी सूक्ष्म भाऊबंद. फुलकिड्याला पाय सहा, पूर्ण वाढलेल्या कोळ्याला आठ. म्हणजे कोळी हा कीटकच नव्हे! म्हणून कीटकांसाठी केलेली कित्येक औषधे त्याला मारत नाहीत. मरतात ते त्याला खाणारे कीटक. शत्रू शाबूत आणि मित्र गारद! अशा फवारणीनंतर कोळी उलट वाढतात.

पानाची जाळी झाली असेल, तर पान उलटून पाहा. तंबाखूची पाने खाणारी अळी मिरचीवरही येते. तिची मादी पतंग शेकडो अंडी एका पुंजक्यात घालते आणि तपकिरी केसांनी झाकते. तेवढे एक पान खुडले, की शेकडो अळ्या जन्मण्याआधीच संपल्या. मोठी अळी दिवसा मातीत, पालापाचोळ्यात दडते. तिला रात्री विजेरीच्या उजेडात वेचून साबणाच्या पाण्यात टाकावे.

"पण शेतकरी तर फवारतात!" असे तुम्ही म्हणाल. एकरभर पिकावरची अळी हाताने वेचणे कठीण असते, हे खरे. परंतु फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे, हे औषधाबरोबरच्या माहितीपत्रकात दिलेले असते. आपण घरची मिरची केव्हा तोडतो? फोडणीचे तेल तापल्यावर! तिथे दिवस मोजणार कोण?

डीडीटी कीटकांना मारते हे पाउल म्यूलर यांनी १९३९ मध्ये शोधले. १९४८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे त्याला दाद न देणारे कीटक निपजले. ते माती-पाण्यात वर्षानुवर्षे टिकते, हेही कळले. भारताने १९८९ मध्ये त्याचा शेतीतील वापर बंद केला. औषध वाईटच असते असे नव्हे. न पाहता वापरणे वाईट.

वेचूनही कीड आटोपली नाही, तर ५० ग्रॅम निंबोळीगराचा चुरा रात्रभर पाण्यात भिजवून गाळावा, अर्क एक लिटर करावा आणि संध्याकाळी फवारावा. त्याने अळीचे खाणे मंदावते, कात टाकणे बिघडते.

शिक्षकांना एक विनंती. शाळेच्या बागेत मिरचीच्या चार कुंड्या ठेवा आणि शेजारी एक वही. कोणती कीड, किती, पानाच्या कोणत्या बाजूला, हे मुलांना रोज लिहू द्या. फवारणीचा पंप त्यानंतरही मिळेल.