रेसमध्ये ठोकलेल्या गाडीचे पैसे कोण भरणार?

दसरा-दिवाळी उरकली की हौशी मोटार रेसिंगचा मोसम सुरू होतो. शनिवारी पहाटे अंधेरी-बोरिवलीहून, मुलुंड-घाटकोपरहून स्विफ्ट, पोलो, जुन्या एस्टीम आणि होंडा सिटी निघतात. कोणी लोणावळ्याच्या पुढे अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर जाते, कोणी मावळात नाणोलीच्या ट्रॅकवर, कोणी नाशिककडच्या एखाद्या माळावर. बहुतेक गाड्या रोजच्या वापरातल्या असतात. रविवारी ज्या गाडीने ड्रॅग रेस मारायची, तिनेच सोमवारी ऑफिस गाठायचे आणि आईला दवाखान्यात न्यायचे. बऱ्याच गाड्यांवर बँकेचे कर्ज असते, बऱ्याच वडिलांच्या नावावर असतात.

या सगळ्या मुलामुलींना, त्यांच्या आईवडिलांना, त्यांच्या गाड्या तयार करून देणाऱ्या गॅरेजवाल्यांना आणि स्पर्धा भरवणाऱ्या क्लबांना माझी कळकळीची विनंती आहे. यंदाची पहिली एन्ट्री फी भरण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर लेखी ठरवा. गाडी ठोकली, कठडा तुटला, कोणी जखमी झाले, तर पैसे कोण भरणार?

हा प्रश्न विचारला की हमखास एकच उत्तर येते, "फुल इन्शुरन्स आहे ना!" मित्रांनो, रेससाठी तो नाही. तुमच्या पॉलिसीच्या कागदावर 'वापराच्या मर्यादा' अशा मथळ्याखाली चार ओळी असतात, त्या आज रात्री काढून वाचा. आयोजित शर्यत, वेगाची चाचणी, पेसमेकिंग, रिलायबिलिटी ट्रायल यांसाठी गाडी वापरली तर विमा लागू नाही, असे तिथे स्वच्छ लिहिलेले असते. झिरो डेपचे जादा कवच घेतले म्हणून ही अट उठत नाही. मालक-चालकासाठी सक्तीचे असलेले १५ लाखांचे वैयक्तिक अपघात कवचही बहुतेकदा याच पॉलिसीचा भाग असते आणि तेव्हा त्यालाही हीच मर्यादा असते.

मग प्रत्यक्षात काय होते? मी अशा स्पर्धांमध्ये फिनिश लाइनजवळ मदतीला उभा राहतो, त्यामुळे जे पाहिले ते सांगतो. ब्रेक उशिरा लागला आणि एक गाडी पट्टीच्या कडेला रचलेल्या टायरांवर गेली. रेडिएटर फुटला, हिरवे कूलंट डांबरावर पसरले, डावा ॲपरॉन आत दबला, बॉनेट तंबूसारखे वर उभे राहिले. मुलगा धडधाकट बाहेर आला. हेल्मेट अजून डोक्यावरच होते. तेवढ्यात भोवती जमलेल्यांचे सल्ले सुरू झाले. "इथे काही बोलू नकोस. टोचन लावून हायवेपर्यंत ने. कुत्रा आडवा आला, डिव्हायडरला लागली, असं सांग." त्याला कोणी पाणीही विचारले नव्हते, पण खोटी हकीकत मात्र तयार झाली होती.

क्लेमच्या फॉर्मवर एक रकाना असतो: अपघाताच्या वेळी गाडी कोणत्या कामासाठी वापरात होती? तिथे 'वैयक्तिक' एवढा एक शब्द लिहिला की फसवणूक सुरू झाली. भारतीय न्याय संहितेचे ३१८ वे कलम फसवणुकीचेच आहे, आणि त्या फॉर्मवर सही तुमची किंवा तुमच्या वडिलांची असते, सल्ला देणाऱ्याची नसते. सर्व्हेअरही काही काल भरती झालेला नसतो. टायर का भाजलेत, समोरची नंबरप्लेट आधीच का काढलेली होती, सीटवर रेसचा स्टिकर का आहे, हे त्याला दिसते. शिवाय त्याच दिवसाचा व्हिडिओ तुमच्याच इन्स्टाग्रामवर असतो. क्लेम फेटाळला गेला की गॅरेजमधली गाडी उचलायलाही पैसे नसतात आणि बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला कापला जातो. समजा क्लेम पास झालाच, तर तो पैसा प्रामाणिकपणे प्रीमियम भरणाऱ्या हजारो लोकांचा. त्यांनी तुमच्या रविवारच्या हौसेचे बिल का भरायचे?

हे झाले बंदिस्त जागेतले. आता हायवेबद्दल, आणि इथे मी हात जोडून बोलतो आहे.

पश्चिम आणि पूर्व द्रुतगती महामार्गांवर, आरेच्या रस्त्यावर, घाटकोपर-मानखुर्द पुलावर मध्यरात्रीनंतर शर्यत लावणारे अजून आहेत. "मुंबईत ट्रॅक कुठाय?" हे त्यांचे समर्थन. ट्रॅक नाही हे खरेच आहे. देशातली मोठी सर्किट्स चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, कोइमतूरला आणि ग्रेटर नोएडाला. पण ट्रॅक नाही म्हणून पहाटे चार वाजता मुलुंड चेकनाक्याजवळ झाडू मारणारा पालिकेचा सफाई कामगार, दुधाचे क्रेट उतरवणारा पोऱ्या, रात्रपाळी संपवून रिक्षाने घरी निघालेली नर्स, यांनी तुमच्या शर्यतीत भाग घ्यायचा का? त्यांनी कुठल्याही फॉर्मवर सही केलेली नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर वर्षभरापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पाच हजार म्हणजे एका टायरचीही किंमत नाही, असे म्हणून पोरे हसतात. खरा फटका दंडाचा नाहीच. तो कलम १५० मध्ये आहे. थर्ड पार्टी विम्यातही 'आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी' हा बचाव विमा कंपनीला कायद्यानेच दिलेला आहे. दोघांनी चहाच्या टपरीवर ठरवून लावलेली शर्यत 'आयोजित' मानायची की नाही, यावर वकील वर्षानुवर्षे भांडतील. तोवर ज्याचा पाय गेला तो माणूस मोटार अपघात न्यायाधिकरणाच्या तारखांना कुबड्या घेऊन येत राहील. अशा वादांत न्यायालये अनेकदा कंपनीला सांगतात, आधी पीडिताला पैसे द्या आणि मग गाडीच्या मालकाकडून वसूल करा. मालक म्हणजे बहुतेक घरांत वडील. वसुली येते ती त्यांच्या पीएफवर, त्यांच्या वन-बीएचकेवर.

आणि मेलात तर? जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या एका प्रकरणात मृत चालकाच्या कुटुंबाची मागणी अमान्य केली. स्वतःच्याच भरधाव आणि बेदरकार चालवण्यामुळे झालेल्या मृत्यूची भरपाई त्यांना विमा कंपनीकडून मिळाली नाही. त्या घरात मागे आईवडील, बायको, मूल होते. हे वाचून तुमच्या आईला दाखवा.

पालकांनो, तुमच्याशीही थोडे स्पष्ट बोलतो. मुलगा अठराच्या आतला असेल आणि तुम्ही किल्ली हातात दिली असेल, तर कलम १९९-अ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड तुम्हाला आहे. गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि मुलाला पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे अल्पवयीन मुलाच्या पोर्शेने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला, तेव्हा सगळा महाराष्ट्र संतापला होता. ती शर्यत नव्हती. पण किल्ली हातात देणारे घर कसे असते, हे आपण सगळ्यांनी तेव्हा पाहिले. आपल्या सोसायटीच्या पार्किंगमधून रात्री दोनला गाडी बाहेर जाते, सायलेन्सर बदललेला आवाज चौथ्या मजल्यापर्यंत येतो, आणि आपण कूस बदलून झोपतो. ते थांबवा.

तुटलेल्या कठड्याचे काय? दोन्ही द्रुतगती महामार्ग २०२२ पासून महापालिकेकडे आहेत. वाकलेले रेलिंग आणि उखडलेला खांब पालिका बदलते, आणि शर्यतवाला पळून गेला तर त्याचा खर्च तुमच्या-माझ्या मालमत्ता करातून जातो. याउलट जर्मनीत नुर्बुर्गरिंगचा जुना ट्रॅक सामान्य माणसाला पैसे भरून चालवायला मिळतो. तिथे कठडा वाकवला तर त्याचे बिल चालकाच्या हातात पडते, गाडी ओढून नेण्याचे वेगळे. कोणी कुरकुर करत नाही, कारण गेटवर शिरण्याआधीच ते ठाऊक असते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण हायवे सोडून बंदिस्त ट्रॅकवर आलेल्यांना उत्तर हवे आहे. दोन गाड्या एकमेकींना घासल्या तर चूक ज्याची त्याने भरायचे का? ऐकायला न्याय्य वाटते. मला ते पटत नाही. चुकीवर पैसे ठरू लागले की प्रत्येक वळणाचा खटला होतो. डॅशकॅम निघतात, रविवारची संध्याकाळ भांडणात जाते, फिनिश लाइनवरच्या स्वयंसेवकाला न्यायाधीश बनवतात. त्याहून वाईट म्हणजे पैसेवाला जिंकतो. सेकंडहँड स्विफ्ट घेऊन आलेला घाटकोपरचा मुलगा बीएमडब्ल्यूच्या शेजारी उभा राहिला, तर त्याच्या डोक्यात रेस नसते, त्या हेडलाइटची किंमत असते. एका धक्क्यात वर्षभराचा पगार जाणार असेल तर तो पुन्हा येणारच नाही, आणि ही हौस फक्त श्रीमंतांची होऊन बसेल.

म्हणून ट्रॅकवर, शर्यत चालू असताना, ज्याची गाडी त्याचा खर्च. जगभरातल्या हौशी रेसिंगमध्ये बहुतेक ठिकाणी हीच रीत आहे, आणि आपल्याकडे भरून घेतल्या जाणाऱ्या हमीपत्रांचाही अर्थ हाच असतो. त्यातून सरळ निघणारी गोष्ट अशी की जी गाडी उद्या भंगारात गेली तर घर हलेल, ती गाडी ट्रॅकवर आणूच नका. कर्जाची नको, वडिलांना न विचारता आणलेली नको, सेल्फ-ड्राइव्हवर भाड्याने घेतलेली तर मुळीच नको. तिच्या करारात रेसिंगला मनाई असते आणि पूर्ण बिल तुमच्याच नावावर येते.

पण या नियमाला अपवाद हवेत आणि तेही आधी लिहून. लाल झेंडा दाखवल्यावरही जो थांबला नाही, पिवळ्या झेंड्याखाली ज्याने ओव्हरटेक केले, पॅडॉकमध्ये माणसे फिरत असताना ज्याने गाडी फिरवून दाखवली, त्याने दुसऱ्याचे नुकसान पूर्ण भरावे. तो शर्यतीचा धोका नाही, तो बेशिस्तपणा आहे.

आणि माणसांचे काय? गाडीचे पैसे ज्याचे त्याने सोसावेत, पण मार्शल, प्रेक्षक, पलीकडच्या शेतातून चाललेला गावकरी यांचे कोणी सोसायचे? सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅलीच्या मार्गात एक मोटारसायकल आली आणि रॅलीच्या गाडीखाली एकाच घरातले तिघे गेले. ती रॅली मान्यताप्राप्त होती, चालवणारा देशातला नावाजलेला ड्रायव्हर होता. जानेवारी २०२३ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर ५९ वर्षांचे अनुभवी रेसर के. ई. कुमार मान्यताप्राप्त स्पर्धेतल्या अपघातात गेले. डॉक्टर, ॲम्ब्युलन्स, लायसन्स, सगळे जिथे असते तिथे हे घडते. माळावर दोन दोऱ्या बांधून, व्हॉट्सॲपवर पत्ता टाकून भरवलेल्या ड्रॅगमध्ये काय आधार आहे?

उत्तर परदेशात शोधायची गरज नाही, ते जोगेश्वरीत आहे. दहीहंडीला नऊ थर लावणारे जय जवानसारखे पथक सरावाला सुरुवात करते तेव्हा विम्याचा विषय आता आधी निघतो. २०२३ मध्ये राज्य सरकारने ५० हजार गोविंदांचा विमा काढला. हप्ता डोई ७५ रुपये, मृत्यू झाल्यास १० लाख. यासाठी किती वर्षे किती घरांनी हाल सोसले, हे उपनगरांना माहीत आहे. पायाला उभ्या राहणाऱ्या मुलाला जे मिळाले, ते फिनिश लाइनवर झेंडा धरणाऱ्याला का मिळू नये?

क्लबांनी आणि आयोजकांनी एवढे करावे. भारतीय मोटर स्पोर्ट्स क्लब महासंघाची, म्हणजे एफएमएससीआयची मान्यता घ्या आणि त्याचे नियम पाळा. मार्शल, प्रेक्षक आणि जागेचे मालक यांच्यासाठी त्या दिवसापुरता वेगळा विमा काढा आणि त्याची प्रत नोंदणीच्या टेबलावर चिकटवा. ट्रॅकच्या मालमत्तेसाठी प्रत्येकाकडून अनामत घ्या आणि काही तुटले नाही तर त्याच संध्याकाळी परत करा. एवढा खर्च परवडत नसेल तर स्पर्धा छोटी करा, पण विम्याशिवाय भरवू नका. १९१९ पासून मुंबईत असलेल्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनने पुढाकार घेऊन सगळ्या क्लबांसाठी एकच हमीपत्र मराठीत तयार करावे, ही माझी जाहीर मागणी आहे. इंग्रजीतल्या सहा पानांवर न वाचता सही करणारा मुलगा कशाला होकार देतो, हे त्याला कळत नाही.

गॅरेजवाल्या दादांनो, तुमच्याकडे गाडी ट्रेलरवरून येते तेव्हा तुम्हाला पहिल्या नजरेत कळते. "क्लेममध्ये बसवून देतो" हे वाक्य तोंडातून काढू नका. डेंटिंग-पेंटिंगचे खरे बिल लिहा आणि पोराला हप्त्याने फेडू द्या.

आणि तुम्ही, जे येत्या शनिवारी निघणार आहात: नोंदणीच्या टेबलावर पोहोचलात की पिशवीतून हेल्मेट बाहेर काढण्याआधी विचारा, मार्शलचा विमा कुठे आहे, कठड्याचे पैसे कोण देणार, ॲम्ब्युलन्स कोणत्या हॉस्पिटलला जाणार. उत्तर कागदावर मागा. मिळाले नाही, तर एन्ट्री फी परत मागा आणि गाडी स्टार्ट लाइनवर नेऊ नका.