किल्ल्याचा तट नव्हे

वर्गांत जंतूंच्या पेशीभित्तिकेस किल्ल्याच्या तटाची उपमा देण्याची वहिवाट आहे. आमच्या मतें ती टाकून द्यावी. तट एकदां बांधला म्हणजे उभा राहतो. जंतूस मात्र वाढावयाचें तर स्वतःचीच भिंत जागोजागीं कापून नवे दुवे जोडावे लागतात. आंतील पाण्याचा दाब एवढा असतो कीं, कापणें जोडण्याच्या पुढें गेलें म्हणजे जंतु फुटलाच! पेनिसिलिन नेमकें हें जोडणें अडवितें. कापणारीं विकरें आपलें काम चालूच ठेवितात. पण उपासमारीनें जो जंतु वाढ थांबवून निजला, तो भिंत फारशी कापीत नाहीं. मग औषध त्याचें काय करणार? डब्लिनच्या जोसेफ बिगर ह्यांनीं पेनिसिलिनमधून असे वांचून उरणारे थोडे जंतु १९४४ सालींच वर्णिले होते.

उपमा चुकली तर बिघडलें काय, असें कोणी म्हणेल. बिघडतें तें घरीं. ताप उतरतांच तट पडला असें समजून पालक डॉक्टरांस न विचारतां औषध बंद करितात, आणि उरलेल्या गोळ्या मुलाच्या पुढल्या पडशाला देतात. पडसें विषाणूंचें, त्यांस तर मुळीं अशी भिंतच नसते.