आग्रह करा, पण मास्क लावून

२०२०च्या गणेशोत्सवात रायपूर जिल्हा प्रशासनाने सार्वजनिक मूर्ती ४ फुटांपर्यंत आणि मंडप १५ बाय १५ फुटांपर्यंत मर्यादित केला. मंडप फूटपट्टीने मोजता येतो. रायपुरातल्याच तात्यापारा भागातल्या मराठी घरात महालक्ष्म्यांच्या जेवणाची पंगत कोण मोजणार? तिथले नियम घरच्यांनीच ठरवायचे होते, आणि त्या वर्षी घरोघरी उडालेली धांदल आठवली की आजही हसू येतं. सोळा भाज्या सोड्याच्या पाण्यातून काढायच्या, दारात प्रत्येकाच्या हातावर सॅनिटायझर ओतायचं आणि पानावर बसताच मास्क हनुवटीवर! मग पुरणपोळी घेऊन काकू कानाशी वाकणार, "अर्धी तरी घ्या हो!" आणि पाहुणा दोन्ही हात पानावर आडवे धरून मोठ्याने "नको, नको" म्हणणार. हे हसू मला मोलाचं वाटतं, कारण नेमका धोका कुठे होता ते त्यातच दिसतं. भाजी धुतली जात होती, आणि आग्रह उघड्या तोंडाने चालला होता.

चीनमधल्या ग्वांगझूचं उदाहरण बोलकं आहे. २४ जानेवारी २०२०ला, चिनी नववर्षाच्या आदल्या दिवशी, एका बिनखिडक्यांच्या उपाहारगृहात शेजारशेजारच्या तीन टेबलांवर तीन कुटुंबं जेवली. त्यांतल्या दहा जणांना कोरोना झाल्याचं पुढे निष्पन्न झालं. इतर टेबलांवरचे लोक आणि वाढपी मात्र सुटले. स्वयंपाकघर सगळ्यांचं एकच होतं. एसीचा झोत मात्र या तीन टेबलांवरूनच फिरत होता.

"घरचेच तर आहेत," असं म्हटलं जाई. पण घरच्यांपुढेच तर आपण मास्क काढतो, आणि दिवसभर बाहेर हिंडलेला नातू आजीच्याच शेजारी पान मांडतो. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: आग्रहाशिवाय पंगत कसली? एकटं पडलेल्या म्हाताऱ्यांना त्या वर्षी जेवणापेक्षा विचारपूस हवी होती, हे मान्यच. म्हणून आग्रह सोडा असं मी म्हणत नाही. जेवणाऱ्याला मास्क काढावाच लागतो, वाढणाऱ्याला नाही. वाढणारीने तो नाकावर ठेवावा आणि काही न विचारता पोळी पानात टाकून पुढे व्हावं. आजी-आजोबांची पंगत आधी, वेगळी, खिडक्या उघड्या ठेवून. पुन्हा कधी साथ आली तर सवाष्ण एकच बोलवा, बाकीच्यांकडे डबे पोचवा, आणि त्यात चार पोळ्या जास्तच घाला. "नको" म्हणायला समोर कोणी नसतं.