वेळासचीं कांसवें

वन्य प्राण्यांचें रक्षण धनिकांच्या देणगीवांचून होत नाहीं, ही समजूत आम्हांस मान्य नाहीं. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास येथें चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेनें सन २००२ मध्यें सागरी कांसवांचीं अंडीं राखण्याचें कार्य आरंभिलें. एकेका घरट्यांत शंभराच्या आसपास अंडीं. तीं कुंपणांत पुरून सुमारें दीड-दोन महिने राखावीं लागतात. असलें रोजचें काम एकदांच आलेल्या मोठ्या रकमेनें चालत नाहीं. म्हणून थोडें पण नेमानें पाठविणारा गृहस्थच आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. खाऊचे पैसे बाजूस ठेवणारा विद्यार्थीहि त्यांतच आला. पिलें पाहावयास जाणाऱ्यांनीं गांवकऱ्यांच्या घरींच उतरावें व जेवणाचे पैसे घासाघीस न करितां द्यावे. ज्या घरीं तो पैसा जातो, त्यास कांसव जगलेलें हवें असतें. विजेरी मात्र पेटवूं नये. पिलें उजेडाकडे वळून समुद्र चुकतात.