घरातली जत्रा

'कार्निव्हल थीम'चा वाढदिवस तुमच्या सोसायटीत अजून पोचला नसेल तर पोचेलच, काळजी नसावी. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा पडदा, पॉपकॉर्नच्या पुड्या, एक विदूषक, चार खेळ. कार्निव्हल आपला नावाला. खरा कार्निव्हल गोव्यात, लेंटचे उपास सुरू व्हायच्या आधीचे चार दिवस, किंग मोमो वगैरे. त्याचा ह्या पार्टीशी काडीचा संबंध नाही. ही अमेरिकेतल्या फिरत्या जत्रेची नक्कल आहे. म्हणजे थोडक्यात आपली जत्राच, फक्त धूळ आणि गोडीशेव वजा करून.

माझी भाची पुढच्या महिन्यात ७ वर्षांची होतेय आणि बाईसाहेबांना हीच थीम हवीये. मामा इंजिनिअर, म्हणून प्लॅनिंग ताईने माझ्या गळ्यात मारलं. त्यामुळे गेले दोन वीकेंड मी ह्याच विषयात आहे आणि माझी मतं आता बऱ्यापैकी ठाम झालीयेत.

सुरुवातीला ताईने एका इव्हेंटवाल्याकडून कोटेशन मागवलं होतं. आकडा सांगत नाही, पण अर्ध्याहून जास्त पैसे नुसत्या सजावटीचे. म्हणजे फोटोचे. बाकीच्यात एक टॅटूवाला आणि एक लांबुळके फुगे पिळून कुत्री-मांजरं करणारा. आता गणित बघा. ताईच्या यादीत १५ मुलं. टॅटूला एकाला ५ मिनिटं धरली तरी शेवटच्या पोराचा नंबर ७० मिनिटांनी लागणार, आणि पार्टी सगळी २ तासांची! सर्व्हर एक आणि रिक्वेस्ट पंधरा. मग रांगेत ढकलाढकली होते, कोणीतरी रडतं, आणि सोफ्यावर बसलेली मोठी माणसं म्हणतात, "आजकालच्या मुलांना पेशन्सच नाही हो." अहो, तुम्ही बसा की तासभर रांगेत. पासपोर्ट ऑफिसात तुमचा पेशन्स बघितलाय आम्ही.

उपाय सोपा आहे. एकाच वेळी चालणारे चार खेळ, चार-चार मुलांचे चार गट. दर १० मिनिटांनी शिट्टी, की गट पुढच्या स्टॉलवर. कोणाच्याही पुढे तीनपेक्षा जास्त मुलं कधीच नाहीत. ४० मिनिटांत सगळे सगळं खेळून होतात.

खेळ साधेच ठेवायचे. रिकामे डबे रचून पाडणे, पाणी भरलेल्या बाटल्यांवर पुठ्ठ्याच्या रिंगा टाकणे, बादलीत चेंडू, असलंच. पण एक लक्षात घ्या, जत्रेतल्या रिंगवाल्याचं पोट तुमच्या हरण्यावर चालतं. त्याची रिंग ठोकळ्यापेक्षा जेमतेम मोठी असते, आणि खालच्या डब्यात वजनही असू शकतं. घरी बरोब्बर उलटं करायचं. आदल्या दिवशी वाढदिवसाच्या मूर्तीलाच उभं करून टेस्टिंग घ्या. दहातल्या पाचेक रिंगा पडेपर्यंत रेघ पुढे सरकवा. सगळ्याच पडल्या तर पोरं कंटाळतात, एकही नाही पडली तर भोकाड पसरतात. धाकट्या भावंडांसाठी रेघ आणखी पुढे.

फुग्यांबद्दल जरा गंभीरपणे. फुटलेल्या रबरी फुग्याचा तुकडा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. ८ वर्षांखालच्या मुलांसाठी तसा इशारा फुग्यांच्या पाकिटावर छापणं अमेरिकेत कायद्याने बंधनकारक आहे. म्हणजे आमच्या यादीतली जवळजवळ सगळीच मुलं. तेव्हा फुगे फोडायचा स्टॉल बाद. गॅसचे फुगेही बाद, कारण रस्त्यावरच्या सिलिंडरमध्ये बरेचदा हीलियमऐवजी हायड्रोजन असतो आणि इकडे केकवर मेणबत्त्या. सजावटीचं थर्माकोल आणि फुग्यांच्या प्लॅस्टिक काड्या १ जुलै २०२२ पासून देशभर बंदच आहेत. बुढ्ढी के बाल हवेच असतील तर पांढरे. त्यातल्या गुलाबी रंगात ऱ्होडामाइन-बी हे कापडाला वापरायचं रसायन सापडल्यावर तमिळनाडूने २०२४ च्या फेब्रुवारीत विक्रीच बंद केली होती.

बक्षिसांवरून ताईचं आणि माझं वाजलं. तिचं म्हणणं, जिंकेल त्याला बक्षीस. माझं म्हणणं, खेळलं की कार्डावर शिक्का, चार शिक्के झाले की कुल्फी, सगळ्यांना तीच. "मग जिंकण्यात मजा काय?" अगं, डबे धडाधड पडतात ती मजा! शिवाय रिटर्न गिफ्टची जी चढाओढ सोसायटीत चाललीये, त्यात पुढचा वाढदिवस ज्याच्या घरी असतो त्याच्या बापाला घाम फुटतो.

पण खरा वाद पुढेच झाला. ताई म्हणाली, "आपल्या मावशींच्या मुलीलाही बोलावू या. १० वर्षांची आहे, स्टॉलवर मदतही होईल." ताई मनाने वाईट नाही हो, पण ह्या वाक्यात दोन वेगवेगळी निमंत्रणं आहेत. एक पाहुणीचं आणि एक कामाचं. मी म्हटलं, दोन्हीतलं एक ठरव. पाहुणी असेल तर तिच्याही नावाचं कार्ड, शिट्टी वाजली की तिचाही गट पुढे.

मग स्टॉल कोण सांभाळणार? मुलंच. गटातलाच एक जण मालक. डबे तो रचणार, शिक्के तो मारणार, भांडणं तोच सोडवणार. दर शिट्टीला मालक बदलायचा. चार स्टॉल, चार मुलं, प्रत्येक जण एकदा मालक. आणि ह्याला मुलं हवीत १६, यादीत होती १५. गणितालाच ती हवी होती.

ताईची पुढची शंका मात्र रास्त होती. मावशींनाच अवघडल्यासारखं होईल, मुलीच्या हातात भेट काय द्यायची म्हणून. म्हणून निमंत्रणात सगळ्यांसाठीच लिहिलंय, 'कृपया आहेर आणू नये'. भाची दोन दिवस फुगून बसली होती, पण मालकीच्या स्टॉलवर मांडवली झाली.

उरली भांडी. मावशींना त्या दिवशी कामाला बोलवायचं नाही हे मी ताईकडून कबूल करून घेतलंय. आई आत भांडी घासतेय आणि आपण बाहेर पाहुणे आहोत, ह्याचा अर्थ १० वर्षांच्या मुलीला नीट कळतो. प्लेट्स पत्रावळीच्या आणल्या तरी पातेली, कढया, कुल्फीच्या वाट्या राहतातच. त्या मी आणि भाऊजी घासणार. भाऊजींना अजून सांगितलेलं नाही.