सगळं फिक्स असतं यार?

आमच्या विंगमध्ये मॅच संपली की एक वाक्य ठरलेलं, 'सगळं फिक्स आहे यार!' २०२३ च्या फायनलला तर कहरच. मध्यरात्र उलटलेली, दोन चेंडूंत १० धावा हव्या आणि चेन्नईच्या जडेजाने सिक्स-फोर मारून सामना जिंकला. निम्मी कॉमन रूम नाचत होती, निम्मी स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला शिव्या घालत होती.

मला हे पटत नाही. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ च्या प्रसारणाचे हक्क २०२२ मध्येच ४८,३९० कोटींना विकले गेले. कप कुणीही उचलो, बोर्डाचा गल्ला भरलेला! आणि स्क्रिप्ट असती तर कोहलीच्या बंगळूरला १७ सीझन कोरडं ठेवून थेट २०२५ मध्ये कप दिला असता का? (रूमी म्हणतो, तोच तर सस्पेन्स.)

पण सगळे धुतल्या तांदळासारखे आहेत असंही नाही. २०१३ मध्ये राजस्थानचे तीन खेळाडू पकडले गेले, तेव्हा आरोप अख्ख्या मॅचचा नव्हता, एकेका ओव्हरचा होता. २०१५ मध्ये कोर्टाने त्यांना आरोपमुक्त केलं. त्याच वर्षी संघांच्या बड्या लोकांच्या बेटिंगपायी चेन्नई आणि राजस्थान मात्र दोन वर्षं बाहेर बसले. सट्टेवाल्याला निकाल कशाला हवा? त्याला सहा चेंडू पुरतात.

आमच्याच मजल्यावरच्या एकाने मेसचे पैसे लावले, हरला, आणि 'फिक्स होती' म्हणत महिनाभर वडापाववर काढला. फिक्स होती तर लावलेस कशाला, असं मी विचारलं. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलत नाही.